कृंतक सर्वेक्षण, महाराष्ट्रातील

कुरतडून खाणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या गणाला कृंतक गण असे म्हणतात. उंदीर, घूस, जरबिल, खार, शेकरू, साळिंदर इ. प्राण्यांचा या गणात समावेश होतो. दोन्ही जबड्यांत पुढे पटाशीच्या दातांची प्रत्येकी एक जोडी असणे आणि हे दात आयुष्यभर वाढत राहणे, हे या गणाचे मुख्य लक्षण होय. सस्तन प्राण्यांच्या ज्ञात जातींपैकी सु. ४० टक्के जाती कृंतकांच्या असून भारतात त्यांच्या सु. शंभर जाती आढळतात. एखाद्या प्रदेशात यांपैकी कोणत्या जाती राहतात हे नमुने गोळा करून ठरविणे, त्यांत शास्त्राला अपरिचित जाती आढळल्यास तिचे वर्णन करणे आणि प्रत्येक जातीचा प्रसार नकाशावर दाखविणे, या कामाला कृंतक सर्वेक्षण म्हणता येईल.

सर्वसामान्य माणूस उंदीर हा एकच प्राणी मानतो. घर, शेत, माळ, जंगल व डोंगरमाथा येथील उंदीर मात्र वेगवेगळ्या जातींचे असून त्यांचे अन्न, बिळे, प्रजननाचा काळ आणि अंगावरील पिसवा भिन्न असतात. पिकांचे नुकसान, रोगांचा प्रसार व दुर्मिळ प्राण्यांचे रक्षण या तिन्ही बाबतींत नेमकी कोणती जाती कोठे आहे, हे माहीत असल्यावाचून योग्य उपाय योजता येत नाही. म्हणून जातीची ओळख व तिचे ठिकाण या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत.

प्रारंभीचे संशोधन : महाराष्ट्रातील कृंतकांचा शास्त्रीय अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाला. मुंबई सरकारच्या सेवेत असलेले विल्यम हेन्‍री साइक्स यांनी १८३१ मध्ये दख्खनमधील सस्तन प्राण्यांची सूची प्रसिद्ध केली. तीत सह्याद्रीतील शेकरूचे वर्णन असून मुंबईचे गव्हर्नर मौंट्‌स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन यांच्यावरून त्याला नाव देण्यात आले. दख्खनमधून मिळालेल्या नमुन्यांवरूनच झाडावर राहणारा लांब शेपटीचा उंदीर (व्हँडेल्यूरिया ओलेरेशिया) आणि चपट्या, राठ केसांचा उंदीर (मस प्लॅटिथ्रिक्स) या जातींचे वर्णन बेनेट यांनी १८३२ मध्ये केले.

त्यानंतर वॉल्टर एलियट यांनी धारवाड व आसपासच्या प्रदेशातील, म्हणजे त्या काळी दक्षिण मराठा प्रदेश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातील, प्राण्यांची सूची १८३९ मध्ये प्रसिद्ध केली. तीत केवळ शरीराची वर्णने नसून प्राण्यांच्या सवयीही नोंदविलेल्या आहेत. ही माहिती बव्हंशी जमीन खोदण्याचे काम करणाऱ्या वडार लोकांकडून मिळाली होती. शेतातील बिळे उकरून उंदीर पकडणे व बिळात साठविलेले धान्य काढून घेणे हा त्यांच्या उदरनिर्वाहाचा एक भाग असल्यामुळे कोणत्या जमिनीत कोणता उंदीर सापडतो, हे त्यांना नेमके ठाऊक होते. तांबड्या मुरमाड जमिनीत राहणारा आणि बिळाच्या तोंडाशी लहान खडे रचून ठेवणारा उंदीर, तसेच काळ्या जमिनीच्या भेगांत राहणारा मऊ केसांचा उंदीर, असा भेद त्यांच्या बोलण्यात होताच. त्यांनी वापरलेल्या नावांवरून ‘लेगाडा’ व ‘मेल्टाडा’ ही शास्त्रीय नावे तयार झाली. ‘गोलुंडा’ हे नाव कन्नड शब्दावरून आले. या नावांपैकी ‘मेल्टाडा’ व ‘गोलुंडा’ आजही प्रचलित आहेत. ज्यांनी ती सांगितली त्या व्यक्ती मात्र अनामिक राहिल्या.

सस्तन प्राणी सर्वेक्षण : विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत कृंतकांच्या जातींची वर्णने बरीच झाली होती, परंतु अनेक नमुन्यांवर ‘दख्खन’, ‘मद्रास’ किंवा नुसते ‘भारत’ एवढीच स्थळाची नोंद असे. अशा नमुन्यांवरून जातीचा प्रसार ठरविणे शक्य नव्हते. ही उणीव दूर करण्यासाठी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये भारतातील सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हाती घेतले. ही योजना संस्थेचे सचिव डब्ल्यू. एस्. मिलार्ड यांच्या पुढाकाराने आखली गेली होती. सी. ए. क्रंप या संग्राहकाने प्रथम खानदेशात व त्यानंतर वऱ्हाडात नमुने गोळा केले. निमाड, कच्छ, धारवाड, कारवार, मध्य प्रांत इ. प्रदेशांचेही सर्वेक्षण पुढे झाले. जमविलेल्या नमुन्यांचा अभ्यास मुख्यतः लंडन येथील ब्रिटिश म्यूझियममध्ये झाला. वन खात्यातून निवृत्त झालेले आर्. सी. रॉटन यांनी त्यांचे जिल्हावार अहवाल तयार केले.

या सर्वेक्षणाचे वैशिष्ट्य म्हणजे प्रत्येक नमुन्याला जोडलेली चिठ्ठी. तीवर ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, नर की मादी आणि शरीराची मापे लिहिलेली असत. नवीन जातीही या कामातून पुढे आल्या. निमाडातील असीरगड येथे मिळालेल्या लहान उंदराला (मस फिलिप्साय) रॉटन यांनी १९१२ मध्ये स्वतंत्र जाती म्हणून नाव दिले. कच्छमधील खडकाळ जागी राहणाऱ्या उंदरासाठी त्यांनी त्याच वर्षी क्रेम्नोमिस हा नवा वंश स्थापन केला. मऊ केसांच्या उंदरांच्या वंशाला मिलार्ड यांच्या गौरवार्थ ऑल्डफील्ड टॉमस यांनी १९११ मध्ये मिलार्डिया हे नाव दिले. पुढे पुण्याजवळ सापडलेली एक महत्त्वाची जाती याच वंशातील आहे.

जाती ठरविण्याच्या पद्धती : कृंतक बहुधा निशाचर असल्यामुळे प्रत्यक्ष पाहून त्यांची नोंद करणे कठीण असते. म्हणून निवडलेल्या जागी ठराविक अंतरावर सापळ्यांची रांग लावतात. खोबरे, भाजलेले शेंगदाणे, भाकरी यांसारखे आमिष ठेवून सापळे संध्याकाळी मांडतात व पहाटे तपासतात. एक सापळा एक रात्र लावला म्हणजे एक ‘सापळा-रात्र’ झाली असे मानतात. पन्नास सापळे चार रात्री लावले, तर दोनशे सापळा-रात्री होतात. या मापामुळे दोन ठिकाणी केलेल्या शोधांची तुलना करता येते. सापळ्यात सहसा न येणाऱ्या लहान जातींचा पत्ता कधीकधी गव्हाणी घुबडाच्या गुटिकांवरून लागतो. घुबड भक्ष्य गिळते व न पचलेली हाडे, केस यांची गोळी तोंडावाटे बाहेर टाकते. या गोळीतील कवट्या व जबडे यांवरून उंदराची जाती ओळखता येते. मात्र भक्ष्य घुबडाने नेमके कोठे पकडले हे कळत नसल्यामुळे अशी नोंद स्थूल स्वरूपाची असते.

पकडलेल्या प्राण्याच्या डोके व धड, शेपटी, मागचे पाऊल आणि कान यांच्या लांबीची मापे घेतात व वजन करतात. शेपटीची धडाशी तुलना, तळपायावरील गाद्यांची संख्या, केसांचा प्रकार व स्तनांची संख्या ही बाह्य लक्षणे उपयोगी पडतात. रंगावर विसंबून चालत नाही; कारण एकाच जातीत वय, ऋतू व जमीन यांनुसार तो बदलतो. निर्णायक लक्षणे बहुधा कवटीत व दाढांच्या पृष्ठावरील उंचवट्यांच्या रचनेत आढळतात. ज्या नमुन्यावरून नव्या जातीचे वर्णन केले जाते, त्याला प्ररूप आणि तो जेथे मिळाला त्या ठिकाणाला प्ररूप स्थान म्हणतात. प्ररूप संग्रहालयात जपून ठेवतात. पुढे शंका उद्‌भवल्यास त्याच्याशी ताडून पाहता येते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुणसूत्रांच्या (आनुवंशिक लक्षणे वाहून नेणाऱ्या सूत्रांसारख्या घटकांच्या) परीक्षणाची भर पडली. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या काळ्या उंदरांपैकी आग्नेय आशियातील उंदरांत ४२, तर भारतीय द्वीपकल्पातील उंदरांत सामान्यतः ३८ गुणसूत्रे असल्याचे आढळून आले. जहाजांतून यूरोपात व पुढे जगभर पोहोचलेला काळा उंदीर हा ३८ गुणसूत्रांचा असून त्याचे मूलस्थान भारतीय द्वीपकल्पात असावे, असे मानले जाते. अलीकडे डीएनए रेणूंच्या तुलनेमुळे जातींमधील नाते अधिक निश्चितपणे ठरविता येते.

सिंहगडावरील उंदीर : नवी जाती दुर्गम अरण्यातच सापडते, हा समज खरा नाही. पुण्यापासून जवळ असलेल्या व सतत माणसांची वर्दळ असलेल्या सिंहगडावर मऊ केसांच्या उंदरांची एक अपरिचित जाती आढळली. ए. सी. मिश्रा व व्ही. धांडा यांनी १९७५ मध्ये मिलार्डिया वंशातील सर्व जातींचे पुनरावलोकन करून तिचे वर्णन प्रसिद्ध केले. किल्ल्याच्या कोंढाणा या जुन्या नावावरून तिला मिलार्डिया कोंडाना असे नाव देण्यात आले. हा उंदीर शेतांत राहणाऱ्या मिलार्डिया मेल्टाडा या जातीपेक्षा आकाराने मोठा, निशाचर व बिळे करून राहणारा आहे. त्याचे प्ररूप स्थान सु. १,२७० मी. उंचीवर आहे. वर्णनानंतर दीर्घकाळ ही जाती सु. एक चौ. किमी. विस्ताराच्या या पठाराखेरीज अन्यत्र ज्ञात नव्हती.

साताऱ्याचा वनउंदीर : याच्या उलट प्रकारचे उदाहरण सातारा जिल्ह्यात आढळते. सस्तन प्राणी सर्वेक्षणात कोयना खोऱ्यातील घाटमाथा येथून लांब शेपटीचे काही उंदीर मिळाले होते. एम्. ए. सी. हिंटन यांनी १९१८ मध्ये त्यांचे वर्णन सामान्य काळ्या उंदराची एक उपजाती म्हणून केले आणि तिला साताऱ्यावरून ‘सताराय’ हे नाव दिले. नंतर सु. नव्वद वर्षे तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. कर्नाटकातील कोडगू भागात जंगलातला हा उंदीर व सामान्य काळा उंदीर जवळजवळ राहत असूनही त्यांचा परस्परांशी संकर होत नाही, असे शरीररचना, गुणसूत्रे व जनुके यांच्या अभ्यासावरून दिसून आले. त्यामुळे २०११ मध्ये रॅटस सताराय ही स्वतंत्र जाती असल्याचे दाखविण्यात आले. संग्रहालयात जपलेले नमुने व त्यांवरील स्थळाची बिनचूक नोंद नसती, तर या नव्या निष्कर्षाला जुने नाव व प्ररूप स्थान जोडता आले नसते. नवी जाती रानात सापडते तशी संग्रहालयाच्या खणातही सापडते, याचे हे उदाहरण होय.

प्रसाराचे नकाशे : सर्वेक्षणातील प्रत्येक नोंद नकाशावर एका बिंदूने दाखवितात. पूर्वी गावाचे नाव व त्यापासूनचे अंतर यांवरून हा बिंदू ठरवीत. आता उपग्रहांच्या साहाय्याने अक्षांश-रेखांश मिळतात. जुन्या चिठ्ठ्यांवरील स्थळनामांची रूपे बदललेली असल्यास ती जुन्या नकाशांवरून व गॅझेटियरांवरून शोधून काढावी लागतात. बिंदूंचा समुच्चय झाल्यावर उंची, पर्जन्यमान, जमीन व वनस्पती यांच्याशी त्याची तुलना करून जातीचा संभाव्य प्रदेश आखतात.

असे नकाशे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक म्हणजे, नकाशावरील मोकळी जागा जाती तेथे नसल्याचा पुरावा नव्हे. तेथे कोणी सापळे लावलेच नसतील, तर बिंदू असणार नाही. म्हणून जेथे शोध घेऊनही जाती मिळाली नाही, त्या ठिकाणांची नोंद सापळा-रात्रींच्या संख्येसह ठेवणे आवश्यक असते. दुसरी गोष्ट म्हणजे जुना बिंदू आजची स्थिती दाखवीतच असेल असे नाही. धरण, खाण, पडीक जमिनीची लागवड किंवा शहराची वाढ यांमुळे मूळ अधिवास नाहीसा झालेला असू शकतो.

नागपूर व विदर्भ : जमीन व वनस्पती यांनुसार कृंतकांचा प्रसार कसा बदलतो, हे विदर्भात चांगल्या प्रकारे पाहता येते. नागपूरच्या पश्चिमेस वऱ्हाडाकडे काळी कापसाची जमीन पसरलेली आहे, तर पूर्वेस वैनगंगेच्या खोऱ्यात भातशेती, तलाव व दाट जंगले आहेत. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. मऊ केसांचा उंदीर या भेगांचा निवाऱ्यासाठी उपयोग करतो. पावसाळ्यात भेगांत पाणी भरले की, त्यांतील पुष्कळ उंदीर मरतात. याउलट पाऊस ओढून धरला, तर ते वाचतात व त्यांची संख्या बेसुमार वाढते. धारवाडकडे १८२६ मध्ये असे घडल्याचे एलियट यांनी नोंदविले आहे. दख्खनमध्येही दुष्काळापाठोपाठ १८७८–७९ मध्ये उंदरांचा मोठा उपद्रव झाला होता. दुष्काळाने गांजलेल्या शेतकऱ्याचे पीक पुन्हा उंदरांनी का खावे, याचे एक कारण या सवयीत सापडते.

भातखाचरांच्या बांधांत मात्र लहान घूस (बँडिकोटा बेंगालेन्सिस) बिळे करते व धान्याच्या लोंब्या ओढून नेऊन साठविते. कोरड्या, भुसभुशीत जमिनीत जरबिल राहतो. शहरातील झाडांवर व घरांच्या आवारात पाच पट्ट्यांची खार दिसते. मेळघाटच्या जंगलात शेकरू, तर पूर्व विदर्भातील जुन्या, पोकळ खोडांच्या वृक्षांवर मोठी उडणारी खार आढळते. एकाच प्रदेशातील या प्राण्यांना एकच उपाय लागू पडत नाही. पिकाचे रक्षण करताना बांधातील घूस व जंगलातील निरुपद्रवी उंदीर यांत भेद करावाच लागतो.

आरोग्याच्या दृष्टीने महत्त्व : मुंबईत १८९६ मध्ये प्लेग उद्‌भवला व तेथून तो देशभर पसरला, विसाव्या शतकाच्या आरंभी नागपुरातही त्याच्या साथी आल्या. प्लेगाचे जंतू उंदरांवरील पिसवांमार्फत माणसात येतात, हे सिद्ध झाल्यावर मुंबईतील संशोधकांनी उंदरांचा जातवार अभ्यास केला. गटारांतून राहणाऱ्या तपकिरी उंदरांत प्रथम रोगाची साथ येते, सु. दहा दिवसांनी घरातील काळे उंदीर मरू लागतात आणि आणखी दहा ते चौदा दिवसांनी माणसे आजारी पडतात, असा क्रम त्यांना आढळला. उंदीर मेले एवढे कळणे पुरेसे नव्हते. कोणते मेले हे कळल्यास माणसांना सावध करण्यास काही दिवस मिळत.

भारतात १९६६ नंतर माणसांतील प्लेगाची नोंद झालेली नव्हती. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी तो पुन्हा आढळला. सप्टेंबर १९९३ च्या लातूर-उस्मानाबाद भूकंपानंतर भयापोटी लोकांनी घरे सोडली व घरांतील धान्यावर उंदीर वाढले, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. रानातील जरबिल प्लेगाला बऱ्याच प्रमाणात प्रतिकार करू शकतो. त्यामुळे त्याच्या वसाहतींत जंतू दीर्घकाळ टिकून राहतात. वस्तीतील काळ्या उंदराशी त्याचा संपर्क आला म्हणजे रोग माणसापर्यंत पोहोचू शकतो. यास्तव या दोन जातींचे प्रदेश कोठे भिडतात, हे नकाशावर पाहणे हा रोगप्रतिबंधाचा भाग ठरतो.

नागपूर व विदर्भाच्या इतर भागांत २०१८ च्या पावसाळ्यात स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले व काही दगावले. या रोगाचे जंतू गवत-झुडपांत राहणाऱ्या सूक्ष्म माइटांच्या डिंभांमार्फत (अळीसारख्या बाल्यावस्थेतील प्राण्यांमार्फत) पसरतात. हे डिंभ मुख्यतः उंदरांच्या अंगावर पोसले जातात. अशा वेळी गावाभोवतीच्या झुडपांत कोणत्या जातीचे उंदीर आहेत व त्यांच्या कानांत किती डिंभ चिकटलेले आहेत, याची पाहणी करावी लागते. साथ आल्यानंतर ही पाहणी केली, तर तुलनेसाठी आधीची माहिती हाती असावी लागते.

संरक्षण : वाघ किंवा माळढोक यांच्या रक्षणाबद्दल जनमत सहज तयार होते, उंदराच्या बाबतीत तसे होत नाही. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमात उंदरांना, जातींमध्ये भेद न करता, पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राणी म्हणून घालण्यात आले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ही अनुसूची रद्द झाली. दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. दरम्यान, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत भारतातील अतिसंकटग्रस्त प्राण्यांमध्ये सिंहगडावरील उंदराचा समावेश केला होता. अधिवासाचा नाश, अतिचराई आणि पर्यटनामुळे होणारा उपद्रव ही संकटाची कारणे तीत दिलेली आहेत. अशा रीतीने काही वर्षे हाच प्राणी कायद्याने उपद्रवी आणि शास्त्रीय यादीत नष्ट होण्याच्या मार्गावर असलेला, असा दुहेरी गणला गेला. कायद्याने ‘उंदीर’ हा शब्द वापरला होता, जातीचे नाव नव्हे, हे त्याचे कारण होय.

डोंगरमाथ्यावरील किंवा खडकाळ टेकडीवरील मर्यादित प्रसाराच्या जातींना असे संकट विशेषतः संभवते. त्यांच्या अधिवासात विषारी आमिषांचा सरसकट वापर केल्यास शेतीचा लाभ न होता दुर्मिळ जातीचीच हानी होते. घरातून किंवा शेतातून उंदीर घालविणे आवश्यकच असते. परंतु कोणता उंदीर घालवावयाचा आणि कोणता राखावयाचा, हा विवेक प्रसाराच्या नकाशावाचून करता येत नाही.

महाराष्ट्रात या विषयावरील काम भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे १९५९ मध्ये स्थापन झालेले पुणे येथील प्रादेशिक केंद्र, बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी, तसेच विद्यापीठे व वन विभाग यांच्यामार्फत चालते. त्यात निसर्गप्रेमी नागरिकांचाही हातभार लागू शकतो. रस्त्यावर मेलेल्या साळिंदराचे किंवा उडणाऱ्या खारीचे छायाचित्र ठिकाण व तारखेसह नोंदविल्यास नकाशावर एका उपयुक्त बिंदूची भर पडते. मेलेल्या उंदराला उघड्या हाताने स्पर्श करणे मात्र टाळावे. एकाच ठिकाणी अनेक उंदीर मरून पडलेले आढळल्यास आरोग्य खात्याला ताबडतोब कळवावे.